घाट चढणारा संडास

दाजी गेल्याची बातमी मला ताईने दिली नाही, मोबाइलवरच्या एका ग्रुपने दिली. मुलुंडला घरी संध्याकाळचा जरा आडवा झालो होतो, तोच फोन एकसारखा वाजायला लागला. गाडीतच पलंग आणि स्वयंपाकघर थाटून हिंडणाऱ्या हौशी मंडळींचा हा ग्रुप; दाजींनी मला त्यात कधी ओढलं ते आठवतही नाही. उघडून बघतो तर दाजींचा गाडीला टेकून काढलेला फोटो, खाली जोडलेले हात, मेणबत्त्या, तुटलेले बदाम आणि 'लेजंड गेला यार' अशी ओळ. दाजींच्याच सोसायटीतल्या कुणा सद्‌गृहस्थाने खाली अॅम्ब्युलन्स पाहिली आणि आमच्या घरातलं मरण आमच्याआधी जगाला सांगून टाकलं. थोड्या वेळाने ताईचा फोन आला. मी "हो गं... कळलं" म्हणालो, तर ती एकदम गप्प झाली. मग म्हणाली, "तुला कुणी सांगितलं? मी तर अजून कुणालाच नाही सांगितलं." तिचं ते गप्प होणं आठवलं की अजून माझ्या डोक्यात तिडीक जाते. नवरा गेल्याचं सांगायचा पहिला हक्क तिचा होता, तो तिच्या हातून कुणीतरी चहा पिता पिता काढून घेतला.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, सुनंदाताईचे यजमान. मूळचे मालवणकडचे, राहायला कांदिवलीत चारकोपला, नोकरी अंधेरीतल्या एका औषधांच्या कारखान्यात, पॅकिंग विभागात. डोक्याला टोपी, हातांत मोजे, आत जाताना वेगळ्या चपला, अशा जागी उमेदीची सारी वर्षं गेली म्हणून म्हणा किंवा स्वभावच तसा म्हणून म्हणा, घाणीची त्यांना विलक्षण किळस. हॉटेलात पाण्याचा ग्लास आला की आधी तो उजेडात धरून बघायचे. लग्नाच्या पंगतीत वाढप्याचा अंगठा आमटीत बुडालेला दिसला की यांचं जेवण तिथेच संपलं. आम्ही सगळे त्यावरून त्यांना चिडवायचो आणि ते तोंड वाकडं करून हसायचे.

त्यांच्यासाठी सोसायटीच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. ग्रुपमधली मंडळी झाडून आली होती. टोपी उलटी घातलेला एक जण माइक धरून म्हणाला, "ते पर्वतांच्या ओढीनं जगले." दुसऱ्याने त्यांना मनमौजी भटक्या केलं. तिसऱ्याने तर त्यांचा आत्मा सह्याद्रीच्या कड्यांवर नेऊन ठेवला. मला खुर्चीत बसवेना. दाजींना पर्वत आवडत नव्हते. घाटातल्या वळणांनी त्यांना मळमळायचं. त्यांना आवडायचं ते आपलं घर, इस्त्रीचा पायजमा, बांगड्याचं तिखलं आणि दुपारची झोप. या माणसाने भटकायला गाडी बांधली नव्हती. त्याने बांधला होता एक संडास, आणि तो घाटावर न्यायचा म्हणून त्याच्या खाली चाकं आणि पुढे इंजिन लागलं. अख्ख्या सभेत हा शब्द कुणी तोंडातून काढला नाही. म्हणून मी लिहायला बसलो. ताईला विचारलं, लिहू का? ती म्हणाली, "लिही की. जे आहे ते लिही. फक्त वाचणाऱ्याला माझी दया येईल असं लिहू नकोस, मला नाही चालायचं."

ताईला मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाला होता. ऑपरेशन झालं, ती वाचली आणि तिच्या पोटावर कायमची पिशवी आली. चारचौघांचं जे संडासात जाऊन होतं ते तिचं त्या पिशवीत जमा होतं. ती वेळोवेळी रिकामी करायची, धुवायची, अधूनमधून बदलायची. त्याला लागतं काय? पाणी, उजेड, कोरडी फरशी, सामान ठेवायला एक फळी आणि आतून लागणारी कडी. एवढंसं मागणं, पण मुंबईपासून आमच्या गावापर्यंत ते कुठे पुरं होत नाही. गाव पाटणच्या बाजूला, डोंगरावर. तिथे आमची आई आहे, धाकट्या भावाकडे. ऑपरेशननंतर ताई आणि दाजी एकदा भाड्याच्या मोटारीने आईकडे निघाले. वाटेत एका झगमगाटी हॉटेलात ताई आत गेली. दाराची कडी तुटलेली, नळ कोरडा, फरशीवर चिकट पाणी, कोपऱ्यात कुणाकुणाचं काय काय टाकलेलं. एका हाताने दार धरून दुसऱ्या हाताने तिचं चाललं होतं आणि बाहेरून बायका दार वाजवत होत्या. व्हायचं तेच झालं, पिशवी सुटली. ताई बाहेर आली ती साडीचा बोळा पोटाशी धरून. दाजी तरातरा काउंटरवर गेले आणि मॅनेजरला म्हणाले, "तुम्ही स्वतः आत जाऊन बघा." तो फोनमधून डोकं न काढता म्हणाला, "अंकल, पब्लिकच घाण करते ना. आम्ही काय करणार?" बाहेर काचेच्या कपाटात मिठाई मांडून ठेवली होती, तिच्यावर चांदीचा वर्ख होता.

दोघं तिथूनच परत फिरली. त्यानंतर ताईने माहेरचं नाव काढणं सोडलं. आई फोनवर विचारायची, "कवा येतीस?" ताई म्हणायची, "येते की गं, जरा थंडी पडू दे." थंडी पडायची आणि जायचीही. मी दर सणाला जाऊन यायचो आणि आईच्या हातची चटणी चारकोपला पोचवायचो. ताई डबा उघडून नुसता वास घ्यायची आणि आत ठेवून द्यायची. पिशवीचं तिने शेजारीपाजारी कुणालाच कळू दिलं नव्हतं. प्रवासाचा कंटाळा येतो म्हणून सांगायची.

निवृत्त झाल्यावर दाजींनी एक जुनी डिझेल मिनीबस घेतली आणि चारकोपच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका शेडमध्ये उभी केली. मला बोलावून घेतलं. "विनू, सुनंदाला आईकडे नेणार. आपलो संडास आपल्यावांगडा!" म्हणजे आपल्याबरोबर. त्यांच्या तोंडी मालवणी आली की समजायचं, गडी हट्टाला पेटलाय. कल्पना मला झकास वाटली. आणि मग त्यांनी ती चूक केली, जी फक्त आपल्या उपनगरातला, एका खोलीतून ब्लॉकमध्ये आलेला माणूसच करू शकतो. त्यांनी गाडीचा ब्लॉक केला. सोसायटीत ज्याने सगळ्यांची फर्निचरं केली तो सुतार आणि ज्याने सगळ्यांची बाथरूमं केली तो लादीवाला, दोघांना शेडमध्ये आणून बसवलं. जाड प्लायवूडची कपाटं झाली, वर माळा झाला. ग्रॅनाइटचा ओटा आला. मागच्या दाराला लोखंडी सेफ्टी डोअर. पाणी कधीही जातं या सवयीने स्टीलच्या दोन टाक्या. आणि संडास... चिनी मातीचा कमोड, खाली सिमेंट, वर छतापर्यंत पांढऱ्याशुभ्र टाइल्स. मी म्हटलं, "दाजी, प्लास्टिकचे हलके मिळतात ना खास गाड्यांसाठी." त्यांनी नाक मुरडलं. "प्लास्टिकला डाग बसतो, वास राहतो. सुनंदाला नाय आवडायचा." मी विचारलं, "तिने सांगितलं?" तर म्हणाले, "ती कशाला सांगतली? माका कळता." ताई तेव्हा घरी भाजी निवडत होती. तिला विचारावं हे त्यांच्या मनात आलं नाही आणि आमच्याही नाही.

पहिल्या वेळी मला मुलुंडला गाडीत घेतलं. सपाट रस्त्यावर गाडी शहाण्यासारखी चालली. खोपोली ओलांडली, खंडाळ्याचा चढ लागला आणि तिने मान टाकली. तिसरा, दुसरा, पहिला गिअर... शेवटी कांद्याचे ट्रक आम्हाला ओलांडून जायला लागले. तापमानाचा काटा लाल पट्टीत, मागे हॉर्नचा कालवा. एका मोटारीच्या खिडकीतून पोरांनी डोकं बाहेर काढून विचारलं, "काका, ढकलू काय?" शेवटी बाजूला घेतली ती तिथेच बसली. दुसऱ्या गाडीला बांधून तिला खाली आणावं लागलं. दाजी परतीच्या वाटेवर एकच वाक्य बोलले, "पॉवर कमी पडते."

आणि मग त्यांना पॉवरचं वेड लागलं. ग्रुपवर विचारल्यावर सल्ल्यांचा पाऊस पडला. ज्यांच्या स्वतःच्या गाड्या बिल्डिंगखाली धूळ खात पडलेल्या, ते इंजिनाच्या गोष्टी सांगायला पुढे. त्यातल्याच कुणीतरी अंधेरीतल्या एका दुकानाचा पत्ता दिला. दुकान कसलं, दवाखान्यासारखी काचेची केबिन; गार हवा, कॉफी, आणि कानात ती पांढरी बोंडं घातलेला मालक. तो म्हणाला, "अंकल, कंपनीने इंजिनाला झोपवून ठेवलंय. आपण फक्त जागं करायचं." हे वाक्य दाजींना इतकं आवडलं की त्यांनी ते पुढे सगळ्यांना ऐकवलं. त्या माणसाने गाडीला लॅपटॉप जोडला आणि हिशेब बदलला. म्हणजे इंजिनात डिझेल जास्त सोडायचं, टर्बोने हवा जास्त दाबायची, की धक्का जास्त बसतो. खोटं नाही ते. पण धक्क्याबरोबर उष्णताही वाढते आणि हवा पुरली नाही तर उरलेलं डिझेल काळा धूर होऊन बाहेर पडतं, हे तो बोलला नाही. आणि मुख्य म्हणजे त्याने गाडीचं मागचं दार उघडून आत नजर टाकायचीही तसदी घेतली नाही. चढ चढत नाही म्हणणाऱ्या माणसाला निदान आत काय भरलंय एवढं तरी विचारावं! त्याला विचारायचं नव्हतं, कारण उत्तरातून त्याचा धंदा झाला नसता.

दुसऱ्या वेळी खंडाळा चढलो. दाजी स्टिअरिंगवर हात आपटत होते, "बघ विनू, चढली मा? चढली!" मी आरशात बघत होतो. मागचा रस्ता दिसत नव्हता. आम्ही साऱ्या घाटाच्या तोंडाला काजळी फासत चाललो होतो. मोटारसायकलवरची माणसं तोंडावर रुमाल धरून शिव्या देत होती आणि मला त्या पटत होत्या. एका संडासासाठी एवढी घाण! पुण्यापुढे खंबाटकीच्या चढाला जळका वास यायला लागला. त्याच वेळी ताई आत होती, पिशवी बदलत. संडासाला वास राहू नये म्हणून दाजींनी मागच्या बाजूला पंखा बसवला होता, आणि धुराचा पाइप अंधेरीवाल्याने मोठा करून नेमका त्याच्याखाली आणून सोडला होता. सगळा धूर आत भरला. मग घर्र असा आवाज झाला आणि इंजिन बंद पडलं. टर्बोची वाट लागली होती. मागचं दार उघडून ताई खाली उतरली तेव्हा तिचं नाक काळं, ओठ काळे, बदलून लावलेल्या नव्या पिशवीवरही काजळीची बोटं. आत त्या पांढऱ्याशुभ्र टाइल्सवरून काळे ओघळ आले होते.

ताई रस्त्याच्या कडेला दगडावर बसली. तोंड पुसलं. मग अगदी सावकाश म्हणाली, "एक सांगा मला. या टाइल्स कुणी मागितल्या होत्या?"

"अगो, तुझ्यासाठीच ना..."

"मला कडी पाहिजे होती. कडी, पाणी आणि एक फळी. बाकीचं सगळं तुमच्या किळसेसाठी आहे, माझ्यासाठी नाही."

ट्रक जात होते. ताईने विचारलं, "माझी पिशवी तुम्ही रोज बघता. धुता पण. तुम्हाला तिची किळस येते?"

"नाय गो. कधीच नाय."

"मग मला प्लास्टिकच्या भांड्याची का येईल?"

दाजी तिच्याजवळ जाऊन खाली, रस्त्याच्या धुळीतच बसले. बसण्याआधी रुमाल अंथरायचं त्यांना सुचलं नाही. मी इतक्या वर्षांत त्यांना असं उघड्या जमिनीवर बसलेलं पाहिलं नव्हतं, आणि मला एकदम रडू आलं. मग मी उगाच इंजिनाचं झाकण उघडून आत बघत बसलो.

गाडी ओढून चारकोपला परत आणल्यावर दाजींनी स्वतः हातोडा घेतला. तोंडाला फडकं बांधून त्यांनी टाइल्स फोडल्या, सिमेंट उकरलं, कमोड बाहेर काढला. ग्रॅनाइट उचलायला शेजारच्या शेडमधली माणसं लागली. सेफ्टी डोअर गेलं, माळा गेला, जाड प्लायवूड गेलं, एक टाकी गेली. गाडीशेजारी जो ढीग लागला तो बघून मी थक्क झालो. अख्खं एक स्वयंपाकघर आणि बाथरूम आम्ही घाटावर चढवायला निघालो होतो. दाजी त्या ढिगाकडे बघून म्हणाले, "इंजिन बिचारा झोपला नव्हता रे. मेला होता ओझ्यान." मग त्यांनी त्या इंजिनाचा सगळा हिशेब पूर्वीसारखा करून घेतला, टर्बो नवा घातला, रेडिएटर धुतला, चोंदलेला एअर फिल्टर बदलला. संडासाला पत्र्याची हलकी भिंत, आत प्लास्टिकचं भांडं, एक फळी आणि पितळेची जाडजूड कडी. पाण्याची टाकी घाटाखाली अर्धीही भरायची नाही. चढापुरतं पाणी घ्यायचं, उरलेलं लोणावळ्याला वर पोचल्यावर. आणि चालवायला शिकले. चढ लागायच्या आधीच गिअर उतरवायचा, इंजिन घुसमटेपर्यंत थांबायचं नाही, काटा बघायचा आणि मागच्या हॉर्नकडे लक्ष द्यायचं नाही. ग्रुपवर त्यांनी हे सगळं प्रामाणिकपणे लिहिलं. त्यावर एकाने लिहिलं, 'मग मजा काय राहिली?' आणि त्याला पुष्कळ अंगठे मिळाले. त्या मंडळींची मजा आणि आमच्या ताईचं माहेर यांचा संबंधच नव्हता.

तिसऱ्या वेळी पोचलो. खंडाळा चढलो, खंबाटकी चढलो, आणि गावच्या शेवटच्या वळणावळणाच्या चढाला दाजींना मळमळून आलं. त्या संडासात पहिल्यांदा ओकले ते दाजीच. ताई बाहेरून विचारत होती, "कडी लागते का नीट?" आणि आतून आवाज आला, "लागता गो!" आई काठी टेकत अंगणात आली. तिने ताईच्या तोंडावरून हात फिरवला, मग गाडीत चढून सगळं बघितलं, कडी लावून-काढून पाहिली आणि म्हणाली, "एवढ्या लांबनं संडास घिऊन आलीस व्हय गं पोरी?" ताई हसली आणि मग आईच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. दाजी पायरीवर बसून लिंबू चोखत होते. त्यानंतर ती दोघं दोन-तीनदा जाऊन आली, माझ्याशिवाय.

आणि मग एका दुपारी जेवून झोपले ते उठले नाहीत. चहा घेऊन गेलेल्या ताईला वाटलं, झोप लागलीय, पडू दे थोडा वेळ.

दिवसकार्य आटोपतं न आटोपतं तोच गाडीला गिऱ्हाइकं यायला लागली. मालाडचा एक जण आला, ड्रायव्हरच्या जागी बसला आणि रेस करून म्हणाला, "पिकअप मेलेला आहे हो." मग मागे जाऊन पत्र्याच्या भिंतीवर टकटक केलं. "हे टॉयलेट काढून इथे डबल बेड बसेल ना?" मी त्याला खाली उतर म्हणालो, जरा आवाज चढवूनच. ग्रुपवाल्यांना दाजींच्या नावाने गाड्यांची मिरवणूक काढायची होती, गाडीवर त्यांचा फोटो चिकटवायचा होता, व्हिडिओ करायचा होता. ताईने दोघांनाही नाही म्हणून सांगितलं. पण दाजींच्या माघारी तिचं आईकडे जाणं पुन्हा थांबणार, हे तिलाही दिसत होतं आणि मलाही. गाडी खाली उभी. फोनवर आईचं तेच, "कवा येतीस?" एक दिवस ताई मला म्हणाली, "तू चालवशील?"

गेल्या आठवड्यात निघालो. खंबाटकीच्या पायथ्याशी डिझेल भरायला थांबलो. शेजारीच हॉटेल, आणि त्याच्या मागे बायकांच्या संडासासमोर ही लांब रांग. आतून येणारी प्रत्येक जण पदर किंवा ओढणी नाकाला लावून, तोंड कडू करून बाहेर पडत होती. एक म्हातारी बाई सुनेच्या दंडाला धरून पाय एकमेकांत अडकवून उभी होती. सुनेने आत डोकावून बघितलं आणि ती तशीच मागे वळली. "आई, नाही जमायचं तुम्हाला. खाली सगळं भरलंय." सुनेचा नवरा मोटारीत बसून हॉर्न वाजवत होता.

ताई पडद्याआडून बघत होती. आजवर कुठे थांबलो की ती आधी पडदे ओढून घ्यायची. तिने मागचं दार उघडलं आणि हाक मारली, "अहो, इकडे या. इकडे स्वच्छ आहे."

म्हातारी गेली, सून गेली, मग रांगच इकडे वळली. मी चिडलो. "ताई, पाणी संपेल. आणि ही मैल्याची भरलेली टाकी घेऊन घाट चढायचाय, कळतंय का तुला?"

"मग पहिल्या गिअरला चढव," ती म्हणाली.

म्हातारीची सून बाहेर आली ती थबकली. आत फळीवर ठेवलेल्या पिशव्या, कापूस, मलम तिने बघितलं असावं. दबक्या आवाजात विचारलं, "कुणाला बरं नाही का?"

ताईने सरळ उत्तर दिलं, "माझ्या पोटावर पिशवी आहे. मला त्रास होऊ नये म्हणून आमच्या ह्यांनी बांधलाय हा." मागे उभ्या असलेल्या सगळ्या बायकांना ऐकू गेलं. कुणी तोंड फिरवलं नाही. एकीने विचारलं, "ते आलेत का बरोबर?" ताई म्हणाली, "नाही."

घाट पहिल्या-दुसऱ्या गिअरला चढलो. मागे हॉर्न आणि शिव्या, शेजारून ओलांडून जाणाऱ्या गाड्यांतून रागीट चेहरे. मी काट्यावर नजर ठेवून होतो. वळणावर आतल्या आरशात पाहिलं तर ताई एका हाताने दांडी धरून, वाकून संडासाची फरशी कोरडी करत होती. दाजी करायचे तशीच, कोपऱ्यापासून दाराकडे.